पुलावरची गर्दी

रुंद पुलावरून दोन हत्ती आरामात शेजारी शेजारी गेले असते, पण त्या सकाळी तिथे फक्त आई आणि मुलगी होत्या. "एवढा पैसा ओतला आणि वर चिटपाखरू नाही!" मुलगी करवादली. "कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाला असेल हा?"

इथे जुना लाकडी पूल होता तेव्हा आई त्याच्या टोकाला स्टुलावर बसून सरकारसाठी माणसं मोजायची. साहेबांचा नियम कडक होता: पूल ओलांडणाऱ्या प्रत्येकाची रेघ मारायची, मग तोच माणूस पुन्हा आला तरी. पलीकडच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या एका तरुणाला ती आवडली आणि त्याच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. कधी म्हणे काडेपेटी हवी, कधी छत्री विसरली. प्रत्येक खेपेला तो हसायचा आणि ती मान खाली घालून इमानदारीत रेघ मारायची. आकडे पाहून साहेबांनी तोंडात बोटं घातली आणि रुंद पुलाला मंजुरी आणली. मग दोघांचं लग्न झालं आणि पुलावरची वर्दळ एकाएकी ओसरली. तोवर खांब उभे राहिले होते.

आता तो हे जग सोडून गेल्यालाही वर्ष होत आलं. आई कठड्याला टेकली, तशी टोकाच्या चौकीतल्या पहारेकऱ्याने शिट्टी फुंकली आणि सरकारी पाटीकडे बोट दाखवलं. "बाई, इथे थांबायला मनाई आहे. गर्दी होते."

"होत होती खरी," आई जागची न हलता म्हणाली. "आमचे हे एकटेच करायचे."