दोनदा घातलेली साखर

"अरे, हळू! ढवळायचंय, कपडे धुवायचे नाहीत," स्वयंपाकघरातल्या खुर्चीत चहाचा मग घेऊन बसलेला वॉल्ट म्हणाला.

डेसने हात हळू केला. बादलीतली बिअर आंबून शांत झाली होती. आता उकळत्या पाण्यात विरघळवलेली साखर तिच्यात मिसळायची आणि बाटल्या भरायच्या. बिअरमध्ये उरलेलं यीस्ट ही साखर खातं आणि बंद बाटलीत बुडबुडे धरतात. साखर घातली नाही तर बिअर मिळमिळीत. जास्त झाली तर काय होतं, ते वॉल्टने सांगितलं नव्हतं, कारण त्याच्या हातून ती कधी जास्त झालीच नव्हती. शेजारचा वॉल्ट खाणीतून निवृत्त झालेला, वर्षानुवर्षं घरी बिअर करणारा गडी. डेसची ही पहिलीच खेप.

आणि खेप काही साधीसुधी नव्हती. ईस्टरला त्याच्या लेकीचं, लॉरेनचं लग्न होतं. रॉदरहॅममधल्या ज्या पोलादाच्या भट्टीवर डेसने उमेदीची सगळी वर्षं काढली, ती बंद पडली होती, आणि घर चालत होतं ते बायकोच्या, मोरीनच्या, शाळेतल्या स्वयंपाकाच्या नोकरीवर. व्याही लेनर्ड यांची बुटांची दुकानं. हॉल त्यांनी ठरवला, जेवण त्यांनी ठरवलं, केकसुद्धा त्यांनीच. पिण्याचा विषय निघाला तेव्हा डेस घाईघाईने बोलून गेला, "बिअर माझी. घरची." बोलून तर गेला, पण आयुष्यात चहापलीकडे त्याने काही बनवलं नव्हतं. ही बिअर फसली तर पोरीच्या लग्नात बाप नुसता पाहुण्यासारखा उभा राहणार होता.

"मेलो! आज सहीचा दिवस," तो एकदम म्हणाला. बेकारभत्त्याच्या कचेरीतली सही चुकवून चालत नाही. "वॉल्ट, आलो की भरतो."

"जा बाबा. बिअर कुठे पळून जात नाही," वॉल्ट म्हणाला आणि चहाचा मग ठेवून आपल्या घरी गेला.

डेस परतला तोवर मोरीनने शाळेतून येऊन बाटल्या धुऊन ओळीने मांडल्या होत्या. जुन्या, जाड, तपकिरी बाटल्या. तो नळीने भरत गेला, ती झाकणं ठोकत गेली. भरताना फेस जरा जास्तच चढत होता.

"बघ, काय जोर आहे!" डेस म्हणाला. कित्येक महिन्यांनी तो शीळ घालत होता. मोरीन त्याच्याकडे बघून नुसती हसली.

वॉल्टच्या सांगण्यावरून बाटल्या क्रेटमध्ये घालून आधी जिन्याखालच्या उबदार कपाटात गेल्या. बुडबुडे धरले की कोळशाच्या खोलीत, गारव्याला हलवायच्या होत्या.

त्या हलवायच्या आधीच एका रविवारी लेनर्ड आणि त्यांची बायको चहाला आले. सामन माशाचे सँडविच होते, ट्रायफलचं पुडिंग होतं, कपाटातले ठेवणीतले कप बाहेर निघाले होते.

"आणि तुमची बिअर काय म्हणते, डेस?" लेनर्डनी विचारलं.

"मुरतेय."

तिसरा सँडविच उचलला जात होता तेवढ्यात जिन्याखाली धडाम झालं. पाठोपाठ दुसरं. कपाटाच्या दाराखालून फेस सरकत गालिच्यावर आला आणि खोलीभर यीस्टचा वास पसरला.

मोरीनचा चेहरा पांढराफटक पडला. "डेस, बाटल्यांत साखर घातली होती मी. एकेक चमचा. माझे वडील तशीच घालायचे. तू सहीला गेला होतास, म्हटलं तेवढाच तुला हातभार."

"अगं, बादलीत घातली होती ना मी!"

"मला काय स्वप्न पडलंय? मला वाटलं, बादलीतली साखर आंबवण्यासाठी, बाटलीतली वेगळी."

डेसच्या तोंडाशी काहीबाही आलं. पण व्याह्यांसमोर बायकोला बोलायचं? त्याने ते गिळलं.

"जाऊ द्या हो," लेनर्ड म्हणाले. "कशाला जिवाशी खेळ? मी उद्या ब्रुअरीला फोन करतो. काही अडत नाही." अगदी मनापासून म्हणाले, म्हणूनच डेसला ते जास्त लागलं.

तो मागच्या दाराने शेडमध्ये गेला. परत आला तो भट्टीवरचा पोशाख चढवून. जाड कातडी कोट, कोपरापर्यंतचे हातमोजे आणि तोंडावर काचेचा मुखवटा. कारखाना सुटल्यापासून त्याने त्यातलं काही अंगाला लावलं नव्हतं.

"सगळे स्वयंपाकघरात थांबा," काचेमागून तो म्हणाला.

क्रेटवर ओलं पोतं टाकून एकेक क्रेट त्याने परसात नेला. बाहेर कडाक्याची थंडी होती. भिंतीवरून वॉल्टचं डोकं वर आलं.

"काय रे, शिफ्ट सुरू झाली वाटतं?"

"रविवारची. दुप्पट पगार."

"मग झोपा काढू नकोस. पण आधी गार होऊ दे चांगल्या, म्हणजे जोर ओसरेल. झाकण जरासंच उचल, फुस्स झालं की नवं ठोक."

डेसने तसंच केलं. मान बाजूला, कोपर अंगापासून दूर, घाई नाही. फुटू पाहणाऱ्या गोष्टीसमोर कसं उभं राहायचं हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. एक बाटली हातातच फुटली आणि काच मुखवट्यावर आपटली. मोरीन किंचाळली. त्याने तुकडे झटकले आणि पुढची बाटली घेतली. लेनर्ड कोट काढून, बाह्या सारून खिडकीशी आले आणि एकेक नवं झाकण त्याच्या हातात देऊ लागले.

उजेड उतरायला लागला तेव्हा काम संपलं.

"किती वाचल्या?" लेनर्डनी विचारलं.

"सगळ्यांच्या पहिल्या ग्लासापुरत्या."

"मग दुसरा ग्लास माझ्याकडे," लेनर्ड म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. डेसने हातमोजा काढून त्यांचा हात हातात घेतला, आणि हातमोजा पुन्हा चढवून क्रेट कोळशाच्या खोलीत नेऊन लावले.

पाहुणे गेल्यावर मोरीन बाहेर आली. तो मागच्या पायरीवर बसला होता.

"चुकलंच माझं," ती म्हणाली.

"दोघांचं मिळून चुकलं. बस इथे."

ती बसली. "काढ की आता हा पोशाख. गेले सगळे."

"काढतो गं. असाच बसू दे जरा."

ती आत गेली आणि चहा घेऊन आली. त्याने मुखवट्याची काच वर केली, सावकाश चहा प्यायला, रिकामा कप तिला दिला आणि काच पुन्हा खाली ओढली.