सात पुड्या मसूर

मी स्वयंपाकघरातल्या खालच्या फळीवरचा पत्र्याचा डबा बोलतोय. माझं झाकण जरा घट्ट आहे, पण एकदा उघडलं की तोंड लवकर बंद होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

जन्म कारखान्यातला, पण शहाणपण किराणा दुकानातलं. तिथे बारा वर्षं साखर सांभाळली आणि शाळेचं तोंड न पाहता माणसं वाचायला शिकलो. एक बाई रोज तांदळाचा भाव विचारायच्या आणि न घेताच जायच्या. घरी जाऊन त्या शेजारणीला आपण किती स्वस्तात घेतला ते सांगत, हे मागाहून कळलं! पुढे दुकानात प्लास्टिकच्या बरण्या आल्या आणि दुकानदाराने मला एका जुन्या गिऱ्हाइकाला देऊन टाकलं. ते म्हणजे या घरातले आजोबा.

घरात आजोबा, छापखान्यात काम करणारा त्यांचा मुलगा, शिवणकाम करणारी सून आणि शाळकरी नात. इथे मला एक कोडं पडलं. आजोबा रोज चारला पिशवी घेऊन त्याच दुकानात जात, सहाला परतत. कधी काडेपेटी आणत, कधी साबण, आणि काहीच सुचलं नाही की मसुराची पुडी. ती गुपचूप माझ्या पोटात जाई. विसरभोळे म्हणावं, तर चाळीस वर्षांपूर्वीचे भाव तोंडपाठ. मसूर आवडतो म्हणावं, तर ताटात बाजूला सारत. मग आणत कशाला?

तेवढ्यात छापखान्यातलं काम घटलं आणि मुलाचा पगार महिनाभर अर्ध्यावर आला. शिलाई मशीन विकायची गोष्ट निघाली. सुनेने तो विषय तिथेच तोडला. म्हणाली, आधी घरात आहे ते संपवू. दूध-भाजी सोडली तर महिनाभर दुकानाची पायरी चढायची नाही. तिने सगळे डबे जमिनीवर मांडले. माझ्यातून सात पुड्या निघाल्या. आता वेढा पडला तरी आपण जगू, म्हणून मुलगा हसला. आजोबा हसले नाहीत.

मग मसुराचे दिवस आले. आज मसूर-भात, उद्या कोबीचे देठ घालून सूप, परवा शिळ्या पावाचा चुरा मिसळून टिक्क्या. उद्या मसूर कोणत्या वेशात येणार, असं नात रोज विचारायची. पैसे खरंच वाचत होते.

आजोबा मात्र चारला चपला घालत, दारापर्यंत जात आणि परत येऊन खिडकीत बसत. आठ दिवसांत जेवण निम्म्यावर आलं, बोलणं त्याहून कमी. शेवटी सून म्हणाली, “बाबा, नुसतं बसायला जा की दुकानात.”

“रिकाम्या हाताने? दुकानात गिऱ्हाईक बसतं, बाळ. नुसता म्हातारा बसला की अडचण होते.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ते मसूर घेतच नव्हते. दोन तासांच्या स्टुलाचं भाडं भरत होते. अशी गिऱ्हाइकं मीही पाहिली होती आणि मनात त्यांना भोळसट म्हटलं होतं. बारा वर्षं माणसं वाचली म्हणे!

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला सुनेने छोट्या डब्यात टिक्क्या भरल्या आणि विचारलं, “दुकानदारकाका दुपारी काय खातात?”

“बिस्किटं. बायको गेल्यापासून तेच.”

“मग हे न्या. आणि मीठ बरोबर आहे का, विचारून या. मला अंदाज येत नाहीये.”

अंदाज तिला चांगला होता. आजोबाही ते ओळखून होते. तरी डबा घेऊन ते तरातरा निघाले.

साडेसहाला परतले. म्हणाले, “मीठ ठीक आहे म्हणतो, तिखटाला हात आखडलाय. उद्या पुन्हा चव बघावी लागेल.”

रात्री ते पोटभर जेवले. मसूरसुद्धा.

महिना निभावला, शिलाई मशीन जागेवर आहे. सध्या माझ्यात शेवटची पुडी उरलीय आणि सुनेने वरच्या फळीवरचे वाटाणे भिजत घातलेत. तुमच्याही घरी माझ्यासारखा कुणी कोपऱ्यात बसला असेल. उघडा त्याला, आहे ते शिजवा. आणि एकच वस्तू पाच-सात वेळा निघाली, तर ती आणणाऱ्यावर खेकसण्याआधी घटकाभर त्याच्याशेजारी बसा. खर्च बराच वाचतो, अनुभवाने सांगतो.