माझी मांजर आणि वन्संचं पीस

गावच्या चॅपलच्या, म्हणजे आमच्या छोट्या चर्चच्या, दाराची वरची झडप आम्ही एप्रिलपासून उघडीच ठेवतो. आत पाकोळ्यांची घरटी असतात. यंदा उडायला शिकणारी पिल्लं खाली पडू लागली, आणि माझी मांजर हूदी ती तोंडात धरून थेट माझ्या उंबऱ्यावर आणू लागली. आठवड्यात तीन.

“टेगवेन, मांजर आवर,” चॅपलचे कारभारी इद्रिस म्हणाले, “नाहीतर झडप लावावी लागेल.”

मी तिच्या पट्ट्याला घुंगरू बांधलं. चार दिवसांत शिकार थांबली! रविवारी पाद्रीबुवांचं प्रवचन बोलता बोलता सुरात चढून गाणंच झालं, अंगावर काटा आला, आणि मी डोळे मिटून देवाचे आभार मानले. घुंगराबद्दल.

गुरुवारी भजनांचा सराव लवकर सुटला. येताना शेजारी, नणंदेच्या खिडकीत पाहिलं, तर नेस्टावन्सं काठीच्या दोरीला बांधलेलं पीस नाचवत होत्या, आणि हूदी कोकरासारखी उड्या मारत होती. बाजूला मांसाची चाटूनपुसून साफ केलेली बशी. माझ्यापुढे तिनं कधी वीतभरही उडी मारली नव्हती. मी तशीच दार ढकलून आत शिरले.

“वन्सं, माझी मांजर फितवता?”

“फितवते कसली! तुम्ही तिला घालता त्या विकतच्या कोरड्या दाण्यांत मांस नावालाही नाही, वहिनी. पोटभर मांस अन् रोज दहा मिनिटं खेळ. मग कशाला जाईल ती पाखरांमागे?”

“माझ्या घुंगरामुळे थांबली ती!”

“हो, आणि माझे गुडघे तुमच्या प्रार्थनेनं बरे झाले!”

हूदीला काखेत मारून मी घरी आणलं आणि वन्संकडची वाट बंद केली. बाहेर सोडायची ती फक्त मागच्या दारानं. तिसऱ्या दिवशी ती आली, घुंगरू जराही न वाजवता. तोंडात पिल्लू. मी ते ओंजळीत घेतलं. त्याचा ऊर अजून धडधडत होता, मग थांबला. राग माझा वन्संवर, जीव गेला त्याचा.

संध्याकाळी हूदीला घेऊन वन्संकडे गेले.

“शिकवा मला.”

वन्संनी काठी दिली. “अहो, झाडू नव्हे तो! हळू. लपवा. आता ओढा!”

हूदीनं उडी मारली. पुन्हा झेपावली, आणि पीस पकडून माझ्याच पायावर लोळली. वन्संचं हसू मावळलं.

“पुरे आता, दमेल ती,” म्हणत त्यांनी हात पुढे केला.

“दहा मिनिटं व्हायला अजून चार आहेत, वन्सं,” मी म्हटलं.