ताप येईल

लसीच्या कुपीच्या झाकणावर एक जांभळा गोल असतो आणि त्या गोलात एक फिकट चौकोन. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो. तो गोलाइतका गडद झाला की कुपी टाकून द्यायची. वत्सला सिस्टरनं कुपी उजेडात धरली. चौकोन फिकट होता. लस चांगली होती.

"कवापासून काय बघताय तिच्यात?" सोनूबाई ओट्यावरून म्हणाली. "आमची पोरगी मिळनार नाय."

धसईच्या पुढच्या या वाडीत गोवर पुन्हा आला होता. शेजारी रंगूच्या दारावर कडुलिंबाचा डहाळा लागला होता आणि चुलीवरची फोडणी बंद झाली होती. सोनूबाईच्या घरात दहा महिन्यांची नात होती. दवाखान्यात जन्मली तेव्हा दिली तेवढीच लस तिला मिळाली होती.

उन्हाळ्यात असाच डहाळा या दारावरही होता. तेव्हा नातू रोशन आजारी होता. बाय आलीय, देवीच ती, मानानं जाईल, म्हणून सोनूबाईनं त्याला औषध लागू दिलं नाही. गोवर छातीत उतरला. मुरबाडहून पुढं ठाण्याला नेताना तो गाडीतच गेला. त्याला गोवराची लस मिळालेली नव्हती.

ती का मिळाली नव्हती, हे वत्सलाला माहीत होतं. रोशन तान्हा असताना त्याला पहिली सुई तिनंच दिली होती. "ताप येल का?" असं वैष्णवीनं, त्याच्या आईनं, सोनूबाईच्या सुनेनं, विचारलं होतं. वत्सला म्हणाली होती, "काही होत नाही गं." ती सगळ्यांनाच तसं सांगायची. तापाचं नाव काढलं की बाया पोर उचलून परसातून निघून जात. त्या रात्री रोशन फणफणला, मांडी सुजून लाल झाली. दुसऱ्या दिवशी सगळं उतरलं, पण ते घर लसीला मात्र कायमचं बंद झालं.

"काकी, चा तरी पाज," आशा सेविका अनिता वातावरण हलकं करायला म्हणाली. ती सोनूबाईच्या नात्यातलीच होती.

"तुला पाजते की. तुझ्या शिस्टरला इचार, चा पिऊन काय व्हतं. सांगल, काय नाय व्हत!"

अनिता हसली आणि मग तिनं वत्सलाकडं पाहिलं.

वत्सला ओट्याच्या कडेला टेकली. "सोनूबाई, ताप येईल," ती म्हणाली. "आज नाही, आठवड्याभरानं. थोडं पुरळही उठेल कदाचित. दोन-तीन दिवसांत जाईल. तापाचं औषध देऊन जाते. जास्त वाटलं तर अनिताला उठवा, मी येते."

"आता येल म्हनता व्हय?"

"येईल."

पोरीला कडेवर घेऊन वैष्णवी उंबऱ्यात येऊन उभी होती. गेले काही महिने प्रत्येक वेळी ती एकच उत्तर द्यायची: पोरीचा बाप, दिपेश, वाशिंदवरनं कंपनीतून येऊ दे, मग बघू.

"ह्ये तवा का नाय सांगितलंत?" तिनं विचारलं.

तेव्हा सांगितलं असतं तर कुणी आलं नसतं, हे उत्तर वत्सलाच्या तोंडाशी आलं होतं. ते खरंही होतं. तिनं पिशवीतून तापाचं औषध काढून ओट्यावर ठेवलं.

"वैष्णवी, आत जा," सोनूबाई म्हणाली. "दिपेश येऊ दे."

"त्याला काय इचारायचं, आत्या? रोशनच्या टायमाला समद्यांना इचारून झालं."

सोनूबाईनं पदर तोंडाला लावला.

वैष्णवी खाली बसली. पोरीच्या झबल्याची उजवी बाही तिनं खांद्यापर्यंत वर सारली आणि दंड घट्ट धरला. वत्सलाकडं तिनं पाहिलं नाही.

"टोचा," ती म्हणाली. "तुमच्यावर भरवसा बसला म्हनून नाय. माज्याकडं आता हीच ऱ्हायलीय म्हनून."