शिडीचा पाव

माझी बायको सतुर्निना गेली त्याला तीन वर्षं होत आली. या तीन वर्षांत माझं दुःख हलकं करायला अख्खं गाव राबलं. पाद्रीबाबा म्हणाले, ती आता देवाच्या कुशीत आहे. झोपेत कुणाचा हात लागलेला तिला खपत नसे. देवाने आपलं सांभाळून घ्यावं. दवाखान्यातल्या बाईंनी शहरातून आणलेला कागद दिला. त्यावर दुःखाच्या पाच पायऱ्या होत्या. मी अडतीस वर्षं शाळेत शिकवलेलं, म्हणून विचारलं, "नापास झालं तर त्याच पायरीवर बसवतात का?" त्यांनी मला आणखी एक कागद दिला.

तितिकाका सरोवराकाठच्या आमच्या गावात मेलेली माणसं एक नोव्हेंबरला दुपारी बाराला घरी जेवायला येतात आणि दुसऱ्या दिवशी बाराला परत जातात. असं तीन वर्षं. तिसऱ्या वर्षीचा निरोप शेवटचा. मग काळं उतरवायचं आणि माणसाला मोकळं करायचं. मेलेल्याला की मागे उरलेल्याला, ते कुणी नीट सांगत नाही.

तिचं तिसरं मेज मी मांडलं. उकडलेले बटाटे, केळी, ऊस, वाटेत पाणी न्यायला कांद्याचे पोकळ देठ. अंगणातल्या भट्टीत पाव मीच भाजले. एक पाव रंगवलेल्या चेहऱ्याच्या बाईच्या आकाराचा, आणि तिचं ओझं वाहायला एक घोड्याच्या.

मेव्हणी नेमेसिया सकाळीच कात्री घेऊन हजर झाली. माझ्या बाहीवरची काळी फीत कापायचा मान तिचा होता.

"दाजी, हे डुक्कर कशाला? माझी बहीण डुकरावर बसून जाणार?"

"घोडा आहे तो. जवळून बघ."

"जवळूनच बघतेय."

बाराला एक माशी पावावर येऊन बसली. "आली माझी बाई," नेमेसियाने डोळे पुसले. आत्मे असेच येतात. जिने सगळा जन्म फडकं घेऊन माश्यांमागे धावण्यात घालवला, तिला यायला हेच रूप मिळावं.

मग मेजापाशी प्रार्थना म्हणून तिच्या बदल्यात पाव न्यायला विल्मा आली. वय वर्षं नऊ. रोज संध्याकाळी ती माझ्याकडे गणितं सोडवायला बसते. अर्ध्या प्रार्थनेत ती थांबली.

"गुरुजी, शिडी कुठंय?"

शिडीचा पाव मेजावर हवाच. तिच्यावरूनच आत्मा परत वर जातो.

"पीठ संपलं."

"भट्टीपाशी अर्धं पोतं आहे. मी बघितलं."

"सतुर्निनाबाईंचे गुडघे दुखायचे. चढणार कशा?"

"म्हणजे तुम्ही मुद्दाम केली नाही."

नेमेसियाने कात्री खाली ठेवली.

"शिडी नसली की ती जाणार नाही," मी म्हणालो. लबाडी पकडली गेल्यावर मुलं मान खाली घालून बोलतात, तसंच.

"मग कुठं राहतील? तुमच्या स्वयंपाकघरात, माशी होऊन?"

मी मेजावरची केळी उगाच सारखी केली.

"मी गणित अर्धं आणलं की तुम्ही काय करता?"

"परत बसवतो."

"मग बसा."

बसलो. कणीक मळली. विल्माने पायऱ्या मोजल्या.

"चौदा? एवढ्या कशाला?"

"जवळजवळ असल्या की गुडघा कमी वाकतो."

तिने जरा विचार केला. "बरोबर आहे," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाराला आम्ही निरोप दिला. माशी कोणत्या बाजूने गेली, ते मी बघितलं नाही. बघितलं असतं तर दार लावलं असतं. नेमेसियाने फीत कापली, फितीबरोबर थोडी बाहीही.

"राहू दे," ती म्हणाली, "तिला हा सदरा कधी आवडलाच नव्हता."

पाव वाटले. शिडी विल्माला दिली. तिने वरची पायरी मोडून खाल्ली.

"मीठ कमी आहे."

मी रांधलेल्या प्रत्येक जेवणाबद्दल सतुर्निना हेच म्हणायची. मी अंगणात जाऊन भट्टी झाडून आलो. भट्टी स्वच्छच होती.

"पुढच्या वर्षी तुमच्याकडे मेज नाही," विल्मा म्हणाली. "मग मी पाव कुठं खायचा?"

"दोघं मिळून दुसऱ्यांच्या दारी जाऊ. मी प्रार्थना म्हणीन, तू पिशवी धर."

"तुम्ही? काल शेवटचं कडवं तुम्ही नुसतं पुटपुटलात. असल्या प्रार्थनेला कोण पाव देईल?"

"मग?"

"रोज एक ओळ पाठ करायची. माझं गणित झालं की तुमची बारी."

तिने वही उघडून पहिली ओळ लिहून दिली. खाली तारीख घातली, अगदी मी घालतो तशी.