डावा खांदा

पोस्टमनकाकांनी कच्च्या शिलाईचा कोट अंगात चढवला आणि आरशापुढे ते शाळेच्या रांगेत उभं राहावं तसे ताठ झाले.

"बोला आता," टेलरमास्तर म्हणाले. "आहे कुठे नाव ठेवायला जागा?"

"छे! झकास झालाय की." एवढं बोलून काका जरा सैल पडले, आणि गळ्यापासून डाव्या बगलेपर्यंत एक लांब चुणी पडली. त्यांनी ती तळहाताने सारखी केली. ती निमूटपणे परत आली.

"हललात तुम्ही. सरळ उभे राहा बघू."

काका सरळ झाले. चुणी गेली.

"मग उद्या सरळच उभा राहतो," काका हसत म्हणाले. "छत्तीस वर्षं नोकरी केली. निरोपाच्या समारंभात दोन तास ताठ राहायला काय जातंय?"

खिडकीशी बसून काजं करणाऱ्या ताईची सुई तिथल्या तिथे थांबली.

ही दुसरी ट्रायल होती. पहिल्या वेळीही हीच चुणी पडली होती आणि मास्तरांनी हेच सांगितलं होतं. त्यांची पद्धत ठरलेली. माप उजव्या बाजूचं घ्यायचं, कापडाची घडी घालायची आणि दोन्ही बाजू एकदमच कापायच्या. "देवाने माणूस घडी घालूनच कापलाय," असं ते म्हणत, आणि रस्त्याकडे पाठ करून तीस वर्षं त्यांनी तशीच कात्री चालवली होती.

ताई मात्र उजेडासाठी खिडकीत बसे. काजाचं काम असं की हात आपली वाट आपणच चालतात आणि डोळे रिकामे राहतात. अकरा वर्षांत त्या रिकाम्या डोळ्यांनी अख्खी गल्ली पाठ केली होती. बेकरीवाला पायरी चढताना उजव्या गुडघ्यावर हात ठेवतो, दवाखान्यातली नर्स जाताना झपझप आणि येताना पाय ओढत चालते. पोस्टमनकाका तर कोपऱ्यावरून वळले की आधी त्यांची पिशवी दिसे, मग ते. सुट्टीच्या दिवशी पिशवी नसली तरी डावा खांदा तसाच खाली, जणू तिची वाट पाहत असलेला.

"पाचला या, तयार ठेवतो," मास्तरांनी काकांना वाटेला लावलं आणि चपला पायात सरकवल्या. "ताई, मी जेवून येतो. तोवर काजं आखून ठेव."

ते गेले. मशीनवरच्या वहिनीने पाय थांबवला. "काय गं, सुई चावली का?"

"वहिनी, काकांचा डावा खांदा उतरलेला आहे."

"तो काय आज उतरला? सांगायचं ना मास्तरांना."

"दोनदा ओठांपर्यंत आलं होतं."

"आणि गिळलंस! तुझं पोट अशा गिळण्यानेच भरत असेल बाई."

ताई हसली, पण तिचं लक्ष कोटाकडे होतं. कापड काकांच्या लेकीने आणलेलं, बेताचं. कापण्यात चूक झाली तर दुसरं लावायला तुकडाही नव्हता. कोट बिघडला तर काका उद्या काय घालतील, आणि आपण उद्या कुठे बसू, हे दोन्ही तिला स्वच्छ दिसत होतं. ताठ उभे राहिलेले काकाही दिसत होते. ज्या दिवशी ओझं उतरायचं, त्याच दिवशी बिचाऱ्याने कवायत करायची!

तिने डोळे मिटले, मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि कोट टेबलावर पसरला. डावी बाही सोडवली, खांद्याची शिवण उसवली. खडूने नवी रेघ ओढली. गळ्यापाशी होती तशीच, बाहीकडे जाता जाता दीड बोट खाली. बगलही तेवढीच उतरवली. मग मास्तरांची मोठी कात्री उचलली. त्या कात्रीला मास्तरांशिवाय कुणी हात लावत नसे. वाटली होती त्याहून ती जड निघाली.

कापडाची एक निमुळती पट्टी खाली पडली.

"मेलो आपण," वहिनी म्हणाली. तिने स्वतःलाही त्यात धरलं, याचं ताईला फार बरं वाटलं.

मास्तर दारात आले तेव्हा कात्री अजून ताईच्या हातातच होती.

"माझ्या कात्रीला हात कुणी लावला?"

"मी. आणि खांदाही मीच कापला. डावा. दीड बोट."

मास्तर मटकन स्टुलावर बसले. "अकरा वर्षांत इतकं बोललेली पहिल्यांदाच ऐकतोय. आणि तेही हे असलं!"

"मास्तर, तिथे नका बसू. इथे बसा, माझ्या जागेवर."

रागाने उठलेला माणूस कुठेही जाऊन बसतो. मास्तर खिडकीत बसले. दुपारच्या टपालाची वेळ झालीच होती. कोपऱ्यावर आधी पिशवी दिसली, मग काका. ते संथपणे गल्ली उतरून गेले. मास्तर बघत राहिले. काका दिसेनासे झाल्यावरही बराच वेळ.

"हा असा चालतो?"

"रोज."

मास्तरांनी पट्टी उचलून बोटांत फिरवली. "बाही मी बसवतो," ते एवढंच म्हणाले. "वहिनी, इस्त्री तापव."

पाच वाजता काकांनी कोट घातला आणि सवयीने ते ताठ झाले.

"तसे नको काका," ताई म्हणाली. "रोजच्यासारखे उभे राहा."

काका सैल पडले. कोट जागचा हलला नाही. ते बसले, उठले, पुढे झुकून त्यांनी आरशाशी हात मिळवायचा सराव करून पाहिला. मग बारीक आवाजात त्यांनी विचारलं, "हा आता काढायलाच हवा का?"

काका कोट घालूनच घरी गेले.

मास्तरांनी दाराला आतून कडी लावली. थोडा वेळ खडूचे तुकडे उगाच डबीत भरले. मग म्हणाले, "ताई, गल्लीतून मी कसा येतो?"

"खरं सांगू?"

"खांदा कापलास, आता कसली लाज?"

"पुढे वाकून येता. आणि उजवा हात अंगापासून लांब, कात्री धरल्यासारखा."

वहिनीने तोंडात पदर कोंबला. मास्तरांनी स्वतःच शिवलेल्या शर्टाकडे मान वळवून पाहिलं. पाठीमागे तो नेहमीसारखाच वर चढला होता. त्यांनी गळ्यातला टेप काढून ताईकडे दिला आणि ते दोन्ही हात पसरून उभे राहिले.

ताईने खांदे मोजले, पाठ मोजली. कमरेशी येऊन ती थांबली.

"मास्तर, पोट सोडा."

"सोडलंय."

"अजून."

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. कडी नीट लागलेली होती. मग त्यांनी हळूच श्वास सोडला, आणि ताईने टेप तीन बोटं सैल केला.