काविळीची माळ

सायलीनं नव्या पायजम्याची नाडी खस्सकन ओढून काढली आणि सिस्टरच्या टेबलावर टाकली.

"आई, मानसिक वॉर्डात नाडी चालत नाही. किती वेळा सांगू?"

"मग लेकरानं पायजमा हातात धरून हिंडावं का? लाज जाती त्याची," चतुराबाई म्हणाल्या.

सगळं लाजेपायीच तर चाललं होतं. शिवराज, सायलीचा धाकटा भाऊ, जिवाचं बरंवाईट करायला निघाला होता म्हणून त्याला इथं भरती केलं होतं. आईनं मात्र पुंडलिकनगरच्या अख्ख्या गल्लीत कावीळ झाल्याचं सांगून टाकलं. कावीळच का, तर तिच्या दिराला, बिडकीनच्या काकासाहेबांना, ती पूर्वी झाली होती. तेव्हा ते बरेच दिवस पुण्याला दवाखान्यात होते, पण कुणी चकार शब्द विचारला नव्हता. आता घरी रोज कुणी उसाचा रस आणून देई, कुणी फुटाणे. ते सगळं संपवून संपवून सायलीचंच पित्त खवळलं होतं.

आज खुद्द काकासाहेब भेटायला निघाले होते. आईनं त्यांना खाली, पोटाच्या डॉक्टरांकडे बसायला सांगितलं होतं आणि सकाळपासून एकच धोशा लावला होता.

"ते यायच्या आत शिवाला घरी नेऊ. चांगला बोलतोय की आता."

"आत्ता कुठं झोपायला लागलाय तो! मधेच नेलं तर पुन्हा तेच करेल, असं डॉक्टर म्हणालेत."

"डॉक्टरला काय जातंय? त्याच्या दारात नाय लोक विचारायला येत."

सायलीनं कपाळावर हात मारला. एकीकडे भाऊ, दुसरीकडे गल्ली, आणि आईच्या तागडीत गल्लीच जड. तेवढ्यात काकासाहेब पिशवी घेऊन जिना चढून वरच आले.

"भाऊजी, खाली खाटच नव्हती बघा," चतुराबाई गडबडल्या. "म्हणून इथं..."

"व्हय, व्हय," म्हणत काकांनी पिशवीतून दोऱ्यात ओवलेली, कावीळ उतरावी म्हणून गळ्यात घालतात ती माळ काढली.

सायलीचा पारा चढला. "काका, हे आत नाही चालत."

"ठावं हाय. दोरा घेत न्हाईत. ही तुझ्या आईपाशी राहू दे, आल्या-गेल्याला दाखवायला."

मग त्यांनी घडी घातलेला पायजमा काढला. इलॅस्टिकचा. सिस्टरनं तो चाचपला आणि तसाच आत पाठवला.

चतुराबाई माळ हातात धरून दिराकडे बघत राहिल्या.

"भाऊजी, पुण्याला तुमची कावीळ..."

"मला आईनं मधीच घरी आणलं व्हतं, वहिनी. लोक विचारतेत म्हणून." काकासाहेब बाकावर टेकले. "घरी आल्यावर पुन्हा तेच केलं म्या. वाचलो, म्हणून परत पुण्याला नेलं."

आतून भांड्यांचा आवाज आला, जेवणं सुरू झाली होती. चतुराबाईंनी माळ पदरात गुंडाळली. मग टेबलावरची नाडी उचलली आणि पिशवीत टाकली.

"सायली," त्या म्हणाल्या, "घरी दोन पायजमे राहिलेत त्याचे. जाताना इलॅस्टिक घेऊ."